घरातील एलईडी स्ट्रिप : पीओपीचे काम सुरू होण्याआधी काय ठरवावे

नव्या सदनिकेत किंवा जुन्या घराच्या नूतनीकरणात एलईडी स्ट्रिपची खरेदी बहुधा अगदी शेवटी होते. पीओपी झालेले असते, भिंतींना रंगाचा पहिला हात बसलेला असतो, सुताराचे काम उरकत आलेले असते, आणि मग वायरमन सांगेल तेवढे मीटर पट्टी कोणीतरी दुकानातून घेऊन येते. तोपर्यंत प्रकाश कसा पडणार हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी पक्क्या होऊन गेलेल्या असतात. छताच्या कडेने ठेवलेली खाच, म्हणजे कोव्ह, किती खोल आहे, पट्टी आणि छत यांत अंतर किती उरले आहे, ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेचा दाब कमी करून पट्टीला पुरवणारा डबा, कुठे बसणार आहे, तिथपर्यंत कोणत्या जाडीची वायर आली आहे आणि उद्या तो बिघडला तर हात कुठून घालायचा, यांपैकी काहीही आता बदलता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की पट्टीचा विचार पीओपीवाल्याला मापे देण्याआधी करावा, आणि तो जागा, प्रकाश, पट्टी, वीजपुरवठा याच क्रमाने करावा. दुकानात गेल्यावर विक्रेता याच्या नेमका उलटा क्रम समोर ठेवतो, कारण त्याच्याकडे पट्टी असते आणि आपली खोली त्याने पाहिलेली नसते.

जागा आणि तिथले काम

घरात स्ट्रिप तीन निरनिराळ्या कामांसाठी लागते. छताच्या कोव्हमधून खोलीभर मंद, पसरट उजेड मिळवणे हे पहिले काम. ओटा, अभ्यासाचे टेबल, कपाट अशा ठिकाणी हातातले नीट दिसावे एवढा थेट उजेड मिळवणे हे दुसरे. आणि देवघर, शोकेस, जिन्याच्या पायऱ्या किंवा टीव्हीच्या मागची भिंत उठून दिसावी हे तिसरे. एकच पट्टी या तिन्ही कामांना चालत नाही, त्यामुळे ‘घरभर एकाच प्रकारची घेऊन टाकू, भाव कमी पडेल’ हा हिशेब महागात पडतो.

पट्टीची ताकद दर मीटरला किती वॉट यावर मोजली जाते. पायऱ्या, देवघर आणि शोकेस यांना दर मीटरला साधारण ५ वॉट भरपूर होतात. कोव्हला, खोलीत इतर दिवे असतील तर ५ वॉट आणि कोव्ह हाच मुख्य उजेड असेल तर १० वॉटच्या आसपास धरावेत. ओट्याला १० ते १५ वॉट हवेत. वॉट म्हणजे खाल्लेली वीज, मिळालेला प्रकाश नव्हे. तो ल्युमेनमध्ये मोजतात, आणि आजच्या चांगल्या पांढऱ्या पट्ट्या एका वॉटमागे शंभर किंवा त्याहून अधिक ल्युमेन देतात. वेष्टनावर दर मीटरचे ल्युमेन छापलेलेच नसतील तर ती पट्टी मुख्य उजेडासाठी घेऊ नये.

कोव्हच्या बाबतीत पट्टीपेक्षा खाचेचा आकार महत्त्वाचा असतो. कोव्हमधला प्रकाश आधी छतावर पडतो आणि तिथून परतून खोलीत येतो, म्हणून छत हाच खरा दिवा मानावा. पट्टी छताला फार जवळ असली की कडेने एक प्रखर पट्टा उमटतो आणि मधले छत काळपट राहते. पट्टी आणि छत यांत निदान सहा इंच मोकळे मिळाले तर उजेड सावकाश विरत जातो. पीओपीची पुढची कड इतकी उंच हवी की समोरच्या सोफ्यावर बसलेल्या किंवा दारातून आत येणाऱ्या माणसाच्या नजरेला पट्टी दिसणार नाही. मात्र ती गरजेपेक्षा उंच ठेवली तर छतावर तिची सरळ सावली पडते. काम सुरू होण्याआधी पुठ्ठ्याचा एक फूट लांबीचा नमुना करून त्यात पट्टीचा तुकडा पेटवून पाहणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि बहुतेक कारागीर त्याला आनंदाने तयार होतात. छताला पांढराच मॅट रंग द्यावा. चकचकीत रंगात पट्टीचे प्रतिबिंब दिसते आणि गडद रंग प्रकाश शोषून घेतो.

भिंतीला अगदी चिकटून वरून खाली सोडलेला प्रकाश भिंतीतला प्रत्येक उंचवटा दाखवतो. दगडाच्या किंवा विटांच्या भिंतीवर ते सुंदर दिसते; पुट्टी मारलेल्या साध्या भिंतीवर मात्र थापीचे फटकारे दिवसा दिसत नाहीत ते रात्री डोळ्यांत भरतात. अशा भिंतीपासून पट्टी काही इंच दूर ठेवणे बरे.

ओट्यावरचा उजेड

घरात स्ट्रिपचा सर्वाधिक उपयोग कुठे होत असेल तर तो ओट्यावर, असे माझे ठाम मत आहे. स्वयंपाकघरातला मुख्य दिवा छताच्या मध्यभागी असतो आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती ओट्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे तिची स्वतःची सावली नेमकी विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाला लावलेली पट्टी ही अडचण पूर्णपणे सोडवते, पण ती योग्य जागी लावली तरच.

ओटा साधारण दोन फूट खोल असतो आणि वरची कपाटे एक फूट. वायर लपवणे सोपे जाते म्हणून सुतार पट्टी कपाटाच्या मागच्या बाजूला, टाइल्सना लागून बसवतो. मग टाइल्स झगमगतात आणि जिथे हात चालतात ती ओट्याची पुढची बाजू अंधारीच राहते. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेजवळ असावी, तिच्यापुढे दीड-दोन इंचांची फळी खाली उतरवलेली असावी म्हणजे ती डोळ्यांत येत नाही, आणि शक्य असल्यास पट्टी पंचेचाळीस अंशांच्या कोनी प्रोफाइलमध्ये, म्हणजे पट्टी बसवायच्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत, मागे झुकलेली असावी, म्हणजे प्रकाश ओट्याच्या मध्यावर पडतो.

दुसरी गोष्ट ओट्याच्या दगडाची. आपल्याकडे काळा किंवा गडद ग्रॅनाइट सर्रास असतो आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट आरशासारखा वागतो. दर मीटरला ६० दिवे असलेली उघडी पट्टी लावली तर ओट्यावर उजेडाऐवजी ठिपक्यांची एक लांबच लांब रांग दिसते, आणि कांदा चिरताना ती सतत डोळ्यांना टोचत राहते. येथे सीओबी प्रकारची पट्टी घ्यावी. तिच्यात शेकडो बारीक चिप्स एका सलग पिवळ्या थराखाली असतात, त्यामुळे ठिपके न दिसता अखंड रेघ दिसते. साधी पट्टी वापरायची असल्यास दर मीटरला १२० किंवा २४० दिव्यांची घेऊन ती दुधी झाकणाच्या खोल प्रोफाइलमध्ये बसवावी. हे झाकण आणखी एका कारणासाठी हवेच: फोडणीची वाफ आणि तेलकट थर उघड्या पट्टीवर बसला की तो पुसता येत नाही, झाकण मात्र ओल्या फडक्याने पुसता येते. शेगडीच्या थेट वर पट्टी आणू नये; तिथे चिमणीचा स्वतःचा दिवा असतो, आणि उष्णतेने पट्टीचे आयुष्य झपाट्याने घटते.

प्रकाशाचा रंग

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये सांगतात. २७०० ते ३००० केल्व्हिन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उबदार उजेड, ४००० म्हणजे ना पिवळा ना निळसर असा पांढरा, आणि ६५०० म्हणजे ढगाळ दुपारचा निळसर पांढरा. ट्यूबलाइटच्या सवयीमुळे आपल्याकडे ६५०० केल्व्हिनलाच ‘खरा उजेड’ समजण्याची पद्धत आहे. ट्यूबलाइटला ते शोभून जात असे, कारण ती एकच असे आणि कामापुरती पेटे. कोव्हमधून सगळे छत निळसर उजळले की बैठकीच्या खोलीला दवाखान्याची कळा येते. बैठक, झोपण्याची खोली आणि देवघर यांना ३००० केल्व्हिन, ओटा व अभ्यासाच्या टेबलाला ४००० केल्व्हिन, अशी विभागणी बहुतेक घरांना मानवते. झोपण्याच्या खोलीत तर उबदार आणि मंद उजेडाचा आग्रहच धरावा, कारण रात्रीच्या वेळी निळसर प्रकाश झोपेला मदत करणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव रोखतो. बैठक आणि स्वयंपाकघर एकमेकांना उघडे असेल तर दोन्हीकडे एकाच केल्व्हिनची पट्टी ठेवावी; एका नजरेत दोन निरनिराळे पांढरे रंग आले की त्यांतला एक नेहमी मळका वाटतो.

केल्व्हिनपेक्षाही दुर्लक्षित राहणारा आकडा सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक. शंभर हे त्याचे कमाल माप. पांढरी एलईडी मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरच्या पिवळसर फॉस्फरच्या थरामुळे एकत्रित उजेड पांढरा भासतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले तिच्या संशोधनासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वस्त पट्टीत हा फॉस्फरचा थर हलक्या प्रतीचा असतो आणि तिच्या प्रकाशात तांबड्या रंगाचा वाटा कमी पडतो. परिणाम असा की टोमॅटो विटकरी दिसतो, माणसांचे चेहरे फिके दिसतात आणि परतताना कांदा गुलाबी झाला की तांबूस झाला हे कळत नाही. ओटा, आरसा आणि कपड्यांचे कपाट या तीन ठिकाणी ९० किंवा अधिक सीआरआय असलेली पट्टीच घ्यावी. पैठणी किंवा जरीची साडी कपाटातून काढताना एका रंगाची आणि बाहेर उन्हात दुसऱ्याच रंगाची दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते. कोव्हसाठी ८० चालतो.

रंगीबेरंगी, म्हणजे आरजीबी पट्टीचा मोह आवरावा, निदान मुख्य खोल्यांत. तिच्यातले तांबडे, हिरवे आणि निळे दिवे एकत्र पेटवून जो पांढरा मिळतो तो जांभळट किंवा हिरवट असतो आणि त्यात कोणत्याच वस्तूचा रंग खरा दिसत नाही. मुलांच्या खोलीसाठी रंग हवेच असतील तर ज्या पट्टीत पांढऱ्या दिव्यांची वेगळी ओळ असते ती आरजीबीडब्ल्यू घ्यावी. त्यापेक्षा उपयोगी प्रकार म्हणजे उबदार आणि थंड अशा दोन पांढऱ्या दिव्यांची आळीपाळीची पट्टी, जिचा रंग रिमोटने हवा तसा बदलता येतो. सकाळी पाहुण्यांची वर्दळ आणि रात्री निवांत गप्पा, दोन्ही एकाच खोलीत होत असतील तर तिचा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो.

१२ व्होल्ट, २४ व्होल्ट आणि थेट २३०

बाजारात तीन दाबांच्या पट्ट्या मिळतात. १२ आणि २४ व्होल्टच्या पट्ट्यांना ड्रायव्हर लागतो. २३० व्होल्टची, जिला सगळे रोप लाइट म्हणतात, ती एका छोट्या पिनवरून थेट घरच्या विजेवर चालते आणि स्वस्त पडते. पीओपीच्या कोव्हमध्ये तीच भरण्याची पद्धत सर्वत्र पसरली आहे. तिला माझा विरोध दोन कारणांसाठी आहे. एक म्हणजे तिच्या प्लास्टिकच्या आवरणाला चीर गेली की आत पूर्ण २३० व्होल्ट असतात. दुसरे म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अशी पट्टी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत राहते. काहींना ते जाणवत नाही, काहींचे डोके दुखते, आणि त्या उजेडात काढलेल्या व्हिडिओत आडवे पट्टे येतात. हात पोहोचेल अशा ठिकाणी, म्हणजे ओटा, देवघर, पलंगाची उशाकडची बाजू, कपाट, पायऱ्या येथे ती कधीही लावू नये. गणपतीच्या मखरातही कापड, कागद आणि पुठ्ठा असतो आणि घरातली मुले सारखी जवळ येतात. तिथे १२ व्होल्टची पट्टी आणि चांगल्या अडॅप्टरवरचा थोडा जास्त खर्च करावाच.

१२ आणि २४ यांत निवड करण्यासाठी थोडे गणित पुरते. दर मीटरला १४.४ वॉटची पाच मीटर पट्टी ७२ वॉट घेते. १२ व्होल्टवर तिला ६ अँपिअर प्रवाह लागतो, २४ व्होल्टवर फक्त ३. वायरमध्ये वाया जाणारा दाब प्रवाहावर अवलंबून असतो. ड्रायव्हर पट्टीपासून पाच मीटर दूर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून दहा मीटर वायर होते. ती १.५ स्क्वेअर एमएमची असल्यास १२ व्होल्टच्या जोडणीत साधारण ०.७ व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणजे जवळपास सहा टक्के. २४ व्होल्टच्या जोडणीत ०.३५ व्होल्ट, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. वायरमनने हाताशी असलेली ०.५ स्क्वेअर एमएमची बारीक वायर वापरली तर १२ व्होल्टपैकी दोन व्होल्ट पट्टीपर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय पट्टीच्या स्वतःच्या तांब्याच्या पातळ थरातही दाब घटतो, म्हणून एका टोकाकडून पुरवठा दिलेल्या १२ व्होल्टच्या पाच मीटर पट्टीचे शेवटचे टोक सुरुवातीपेक्षा मंद दिसते. आरजीबीत तर शेवटचा पांढरा तांबूस होतो, कारण दाब घटला की निळे आणि हिरवे दिवे आधी मंदावतात.

त्यामुळे कोव्हसाठी २४ व्होल्ट, हा नियमच करावा. कपाटाचा कप्पा, आरसा, देवघर अशा मीटर-दीड मीटरच्या कामांना १२ व्होल्ट सोयीचे, कारण ती पट्टी लहान तुकड्यांत कापता येते. १२ व्होल्टची पट्टी सहसा दर तीन दिव्यांनंतर कापता येते आणि २४ व्होल्टची दर सहा किंवा सात दिव्यांनंतर; म्हणजे मीटरला ६० दिवे असतील तर पहिली दर ५ सेंटिमीटरला आणि दुसरी १० सेंटिमीटरला. कात्रीची खूण असेल तिथेच कापावे, इतरत्र कापल्यास तेवढा तुकडा बंद पडतो.

एक हिशेब, ड्रायव्हरसह

चौदा फूट बाय दहा फुटांची बैठक घेऊ. कोव्ह चारही भिंतींपासून एक फूट आत आहे, म्हणजे बारा बाय आठचा चौकोन, परिघ ४० फूट, म्हणजे १२.२ मीटर. कोव्ह हाच मुख्य उजेड आहे असे धरून दर मीटरला ९.६ वॉटची २४ व्होल्टची पट्टी घेतली तर एकूण ११७ वॉट होतात. पट्टी सलग बारा मीटर न फिरवता एका कोपऱ्यातून दोन्ही दिशांना वीस-वीस फुटांचे दोन भाग सोडावेत. दोघांना पुरवठा त्याच कोपऱ्यातून मिळतो आणि शेवटची टोके समोरच्या कोपऱ्यात भेटतात. त्यामुळे प्रत्येक भाग सहा मीटरचा राहतो आणि चारही बाजूंचा उजेड सारखा दिसतो. पट्टी पाच मीटरच्या गुंडाळीत येते, म्हणजे तीन गुंडाळ्या.

ड्रायव्हर नेमका ११७ वॉटचा घेऊ नये. निदान वीस टक्के जास्त क्षमता ठेवावी, म्हणजे १४० वॉटच्या पुढचा. बाजारात १५० वॉटचा सहज मिळतो. कायम पूर्ण क्षमतेने चालणारा ड्रायव्हर तापतो, आणि पट्टी बंद पडली अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा पट्टी शाबूत असते, ड्रायव्हर गेलेला असतो. रोज पाच तास पूर्ण उजेड ठेवला तर या पट्टीला महिन्याला सुमारे साडेसतरा युनिट लागतील, वर ड्रायव्हरमध्ये वाया जाणारे एक-दोन. याच खोलीत इतर दिवे असतील आणि कोव्ह केवळ वातावरणासाठी असेल तर ४.८ वॉटची पट्टी घेऊन सगळे आकडे निम्मे करता येतात.

पैसे वाचवायचे असतील तर ते पट्टीच्या लांबीत वाचवावेत, ड्रायव्हरमध्ये नव्हे. एलईडी ड्रायव्हर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर छापलेला असतो आणि तो ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की उत्पादकाचे नाव तपासता येते. जाळीच्या पत्र्याच्या पेटीतले उघडे एसएमपीएस, म्हणजे ड्रायव्हरचेच काम करणारे वीजपुरवठ्याचे संच, स्वस्त असतात, पण त्यांची जोडणीची टोके उघडी असतात; धूळ, पाली आणि झुरळे यांचा विचार करता पीओपीच्या आत पूर्ण बंद आवरणाचा ड्रायव्हरच असावा. त्याची जागा ठरवताना हवा खेळती राहील आणि शिडी लावून हात पोहोचेल हे दोन्ही पाहावे. पोटमाळा, टीव्ही युनिटचा वरचा कप्पा, किंवा पीओपीत ठेवलेले एक फूट चौरस उघडते झाकण, यांपैकी काहीही चालेल. पीओपीत कायमचा बंद केलेला ड्रायव्हर बदलायला छत फोडावे लागते.

उजेड कमी-जास्त करायचा असेल तर ते आधीच ठरवावे. ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये बसणारा कमी दाबाचा डिमर किंवा रिमोटचा कंट्रोलर हा सोपा मार्ग आहे. भिंतीवरच्या डिमरने ड्रायव्हरचाच पुरवठा कमी करायचा असेल तर तो ड्रायव्हर त्यासाठी बनवलेला हवा. पंख्याच्या रेग्युलेटरवर पट्टी कधीही जोडू नये. दिवे लुकलुकतात आणि ड्रायव्हर जळतो. मोबाइलवर चालणारा कंट्रोलर घेतल्यास तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतो, हे राउटरची जागा ठरवताना लक्षात असू द्यावे.

दुकानात काय पाहावे

मुंबईतील लोहार चाळ किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे एकाच रांगेत डझनभर दुकाने असतात आणि विक्रेते पट्टी पेटवून दाखवायला तयार असतात. ऑनलाइन खरेदीत ही सोय नसते, म्हणून पहिली खरेदी तरी बाजारात जाऊन करावी. गुंडाळी पूर्ण उलगडून पेटवायला सांगावे, कारण गुंडाळलेल्या अवस्थेत ती तापते आणि टोकांची तुलनाही करता येत नाही. पहिले आणि शेवटचे टोक शेजारी धरावे. तेज किंवा रंग यांत डोळ्यांना फरक जाणवत असेल तर तांब्याचा थर पातळ आहे. चांगली पट्टी हाताला जाडसर आणि जड लागते. मग आपला तळहात तिच्याखाली धरावा. हात राखाडी किंवा हिरवट दिसला तर वेष्टनावर सीआरआय काहीही लिहिलेला असो, ती पट्टी ठेवून द्यावी. फोनच्या कॅमेऱ्याचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला तर लुकलुकणे लगेच दिसते.

सगळ्या गुंडाळ्या एकाच बॅचच्या घ्याव्यात. ३००० केल्व्हिन असे छापलेल्या दोन बॅचच्या पट्ट्यांत प्रत्यक्षात थोडा फरक असतोच आणि तो कोव्हमध्ये सलग लावल्यावर जोडाच्या जागी दिसतो. गरजेपेक्षा एक मीटर जास्त घ्यावी.

आयपी हा आकडा धूळ आणि पाणी यांपासूनचे संरक्षण सांगतो. बैठक व झोपण्याच्या खोलीच्या कोव्हला आयपी २० पुरते. गच्ची, बाल्कनी, बाथरूमचा आरसा यांना सिलिकॉनच्या थराची आयपी ६५ किंवा नळीतली आयपी ६७ लागते. किनारपट्टीवर, म्हणजे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि गोव्यात, खाऱ्या दमट हवेने तांब्याची उघडी टोके हिरवी पडतात; तिथे बाल्कनीजवळच्या खोलीतसुद्धा आयपी ६५ घ्यावी. आत गरज नसताना मात्र सिलिकॉनची पट्टी घेऊ नये, कारण त्या थरामुळे उष्णता कोंडते आणि हलक्या प्रतीचा थर काही काळाने पिवळा पडतो.

बसवताना

पट्टीच्या मागचा गोंद एकट्याने तिला धरू शकत नाही. डिस्टेंपर मारलेल्या पीओपीवर चिकटवलेली पट्टी एका पावसाळ्यात सुटून लोंबू लागते. ॲल्युमिनियमचे प्रोफाइल स्क्रूने बसवावे आणि त्यात पट्टी चिकटवावी. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेते, आणि एलईडीचे आयुष्य तिच्या तापमानावरच ठरते. दर मीटरला १० वॉट किंवा अधिक ताकदीच्या पट्टीला तर प्रोफाइलवाचून गत्यंतर नाही. चिकटवण्याआधी प्रोफाइल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावे.

पट्टी आपल्या सपाट बाजूने वाकते, कडेच्या दिशेने नाही. काटकोनी कोपऱ्यात ती दाबून दुमडली की आतले तांबे तुटते. कोपऱ्यात खुणेवर कापून दोन तुकडे वायरने जोडावेत. प्लास्टिकच्या दाबून बसणाऱ्या जोडण्या झटपट होतात, पण दमट हवेत त्या सैल पडतात, म्हणून वायरमनकडून सोल्डर करूनच घ्यावे, आणि अधिक-उणे खुणा जुळवून घ्याव्यात. आयपी ६५ ची पट्टी कापल्यावर टोक सिलिकॉनने पुन्हा बंद करावे. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन मात्र टाळावे, कारण त्यातील आम्लाने तांबे गंजते. न्यूट्रल असे लिहिलेले सिलिकॉन मागावे.

पीओपीला शेवटचा हात मारण्याआधी एक संध्याकाळ सगळ्या पट्ट्या पूर्ण तेजात तीन-चार तास पेटत्या ठेवाव्यात आणि ड्रायव्हरला हात लावून पाहावे. त्यावर हात ठेवता येत नसेल इतका तो तापला असेल तर क्षमता वाढवावी किंवा हवेला जागा करावी. सगळे ठीक असल्यास ड्रायव्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने पट्टीचे व्होल्ट, दर मीटरचे वॉट, केल्व्हिन, बॅच क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहून ठेवावी, आणि उरलेला एक मीटर तुकडा तिथेच पिशवीत ठेवावा.